लेकराचा केसपेपर, आईचं दुखणं



लेकरू घेऊन दवाखान्यात गेलेली बाई ही दवाखान्याच्या हिशेबात कोण असते?

पेशंट ती नाही, पेशंट तिच्या कडेवर आहे. नातेवाईक म्हणावं तर नातेवाइकांना बाहेर थांबवतात, हिला आत घेतात. ती लेकराची बंडी काढते, सुई टोचताना त्याचे पाय गच्च दाबते, त्याला गप्प करते, पाजते, डॉक्टरनं सांगितलेलं कळलं नाही तरी मान हलवते. ती पाळणा आहे, दुधाची बाटली आहे, हमाल आहे आणि मुक्या पेशंटचं तोंड आहे. एवढ्या सगळ्या कामाची ती आहे. फक्त तिला स्वतःला काय होतंय हे विचारायची रीत त्या टेबलावर नाही.

कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या ओपीडीसमोर सकाळी तासभर उभं राहून बघा. बाकावर जागा नाही म्हणून फरशीवर बसलेल्या बाया. एखादी दीड महिन्याची बाळंतीण, डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत कागदासारखं पांढरं. एखादीचे पाय सुजलेले. एखादीच्या छातीत दुधाची गाठ होऊन ताप चढलेला, आणि त्या तापातच ती लेकराच्या तापाचं सांगतेय. नंबर लागतो. किती दिवस ताप? दूध ओढतं का? शी कशी होते? मग वजनकाटा. काटा कमी दाखवला की आवाज चढतो : काय खायला घालता लेकराला? लक्ष कुठं असतं तुमचं? बाई खाली बघते. ती काय सांगणार की घरात जे शिजतं ते शेवटी तिच्या ताटात येतं तेव्हा तव्याला चिकटलेलं उरतं?

तिच्या शरीराबद्दल तिथं एकच गोष्ट आवर्जून विचारली जाते. ऑपरेशन झालं का? नाही तर तांबी बसवून घ्या. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत नसबंदीच्या नावाखाली गरिबाच्या शरीरावर सरकारनं जो हात टाकला तो सगळ्यांना आठवतो. पण गरीब बाईच्या शरीराची चौकशी करायची ती पुढचं पोर थांबवण्यासाठी, ही सवय आणीबाणीबरोबर गेली नाही.

डॉक्टर माणूस वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. दुपारच्या आत एवढी मोठी रांग उरकायची, एकेका लेकराला दोन-चार मिनिटं, त्यात आईला कुठं विचारत बसणार? तो म्हणतो, ही माझी पेशंट नव्हे. त्याच्या शिकवणुकीप्रमाणे तो बरोबरच बोलतो. पण बाईकडून बघितलं तर गोष्ट वेगळी दिसते. आपल्या वस्तीतली बाई स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात किती वेळा जाते? अंगावर काढते. कंबर मोडून निघते, अंगावरून पांढरं जातं, चक्कर येते, तरी 'होईल बरं' म्हणते. कारण स्वतःसाठी गेलं तर मजुरी बुडते, सासू विचारते, नवरा विचारतो. लेकरासाठी गेलं तर कुणी विचारत नाही. लेकराचं दुखणं हा तिच्याजवळचा एकमेव परवाना आहे.

आणि हा परवाना घेऊन ती किती वेळा दारात येते ते मोजा. लसीचं वेळापत्रक बघा : जन्मल्याबरोबर, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, पुढे सोळा महिन्यांनंतर पुन्हा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई घरी येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. २०१८ पासून त्यात तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या भेटींची भर पडली. मधे ताप, जुलाब, सर्दी यांचे फेरे वेगळेच. म्हणजे पहिल्या दीड वर्षात ही बाई आरोग्यखात्याच्या समोर डझनभर वेळा तरी उभी असते. आयुष्यात ती पुन्हा कधी एवढी खात्याच्या हाताशी येत नाही. आणि नेमकी तेव्हाच ती दिसत नाही. बेचाळीस दिवसांपर्यंत कागदावर तिची थोडीफार चौकट असते. त्यानंतर कार्डावर वाढत जाते ती लेकराच्या वजनाची रेघ. आईचं वजन किती, याला पुढं रेघ नाही.

तेव्हा एवढी साधी गोष्ट करा, लेकराला बघताना आईलाही बघा, असं म्हटलं की सगळे 'हो' म्हणतात. कुणाचा विरोध नाही. भिंतीवर पोस्टरही असतं : आई निरोगी तर बाळ निरोगी. मला भांडायचंय ते या पोस्टरशी.

कारण 'तर' या शब्दात सगळी गोम आहे. आई निरोगी का हवी? तर बाळ निरोगी व्हावं म्हणून. लोहाच्या गोळ्या का घ्यायच्या? दूध चांगलं यावं म्हणून. मनानं खचली असेल तर उपचार का करायचा? लेकराचं वजन वाढत नाही म्हणून. बाळ हा हेतू, बाई हे साधन. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बाईला शेत म्हटलंय आणि पुरुषाला बीज. जे पुस्तक बाबासाहेबांच्या महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळलं गेलं, त्यातली शेताची उपमा कुठं गेलीय? ती पोस्टरवर येऊन बसलीय. शेतकरीसुद्धा मातीपरीक्षण करतो. मातीचं भलं व्हावं म्हणून करतो का? पीक चांगलं यावं म्हणून करतो. पीक काढून झालं की मातीकडे पुढच्या पेरणीपर्यंत कोण बघतो?

यावर आपलेच कार्यकर्ते म्हणतील, अरे, हेतू काय चाटायचाय? बाईला गोळी मिळाली, तपासणी झाली, बास झालं. पोस्टरवर काय लिहिलंय त्यानं काय फरक पडतो? हा मुद्दा हलका नाही. भुकेल्या माणसाला भाकर कुठल्या तत्त्वज्ञानानं आली हे विचारत बसू नये, हे मलाही कळतं. म्हणून दोन उदाहरणं नीट बघू.

पहिलं आपल्या शेजारच्या गोव्याचं. तिथं विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींच्या मनाचा अभ्यास केला. २००२ साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या तेवीस बाया खचलेल्या निघाल्या. नुसतं रडू येणं नव्हे; झोप नाही, भूक नाही, जगण्यात राम नाही, असं खचणं. कारणं कुठली? गरिबी, नवऱ्याचं वागणं, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली हे. २००३ साली त्याच लोकांनी पुढचं दाखवलं, की खचलेल्या आयांची लेकरं सहाव्या महिन्यात वजनाला आणि उंचीला मागे पडण्याचा धोका जास्त. देशभरातल्या अडतीस अभ्यासांची मोळी बांधून २०१७ साली जो आकडा निघाला तोही तेवढाच : शंभरात बावीस. म्हणजे लसीच्या रांगेत पाच बाया बसल्या असतील तर त्यांतली एक. पोस्टरवाल्यांना हा अभ्यास फार आवडेल. बघा, आईचं मन सांभाळलं तर लेकराचं वजन वाढेल!

आता दुसरं उदाहरण, पाकिस्तानातल्या रावळपिंडीकडच्या खेड्यांचं. २००८ साली प्रसिद्ध झालं. तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्या आशाताईंच्या बहिणीच, त्यांना थोडं शिकवून खचलेल्या आयांच्या घरी पाठवलं. गोळ्या नाहीत, इंजेक्शन नाही. बसायचं, बोलायचं, विचारांची गाठ सोडवायची, घरच्यांना कामाला लावायचं. घरच्यांना सांगताना मात्र बाळाच्या वाढीचं नाव पुढं केलं, कारण 'सुनेचं मन' म्हटलं असतं तर दार उघडलं नसतं. सहा महिन्यांनी बघितलं तर ज्यांच्याकडे या बाया अशा तयार होऊन गेल्या त्यांच्यात शंभरातल्या तेवीसच खचलेल्या राहिल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे साध्याच भेटी झाल्या त्यांच्यात त्रेपन्न. केवढा फरक! पण लेकरांचं वजन आणि उंची? तिथं म्हणावा असा फरक दिसला नाही. जुलाब कमी झाले, लसी जास्त पूर्ण झाल्या, हे खरं. पण ज्या काट्यावर सगळं मोजायचं होतं तो काटा हलला नाही.

आता सांगा, हा प्रयोग जिंकला की हरला?

शेताच्या हिशेबानं हरला. माती सुधारली, पीक तेवढंच. शेताचा मालक म्हणेल, मग कशाला पैसे घालायचे? आणि बाईच्या हिशेबानं? शेकडो बाया सकाळी उठून पुन्हा उजेडाकडे बघायला लागल्या. जिला मरावंसं वाटत होतं तिला जेवावंसं वाटलं. ही गोष्ट स्वतःच पुरेशी नाही का? लेकराच्या वजनाची साक्ष काढल्याशिवाय बाईचं बरं होणं खरं धरायचं नाही, हा कुठला न्याय?

म्हणून हेतूनं फरक पडतो. आज गोळी मिळेल, पण उद्या हिशेब करणारा येईल, आणि काट्यावर फरक दिसला नाही की गोळी बंद करील. शिवाय ज्या दुखण्यानं दुधाला किंवा पुढच्या बाळंतपणाला बाध येत नाही ते दुखणं त्याच्या वहीत यायचंच नाही. १९८९ साली राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी प्रसिद्ध केली. शंभरातल्या ब्याण्णव बायांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठही नव्हत्या. त्या बायांनी लेकरं जन्माला घातली होती, वाढवली होती. पीक येत होतं. मातीला काय झालंय हे विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

आणि हा विचार टोकाला गेला की काय होतं ते बीडमध्ये दिसलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांबद्दल ओरड झाली तेव्हा सरकारनं समिती नेमली. २०१९ साली तिनं ब्याऐंशी हजारांवर बायांची माहिती काढली. त्यांतल्या तेरा हजार आठशे एकसष्ट बायांची पिशवी काढलेली. यात आपल्या बाया आहेत, वंजारी-बंजारा बाया आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस आलं नाही की खाडा. पाळी आली, पोट दुखलं, अंगावरून गेलं, तर खाडा परवडत नाही. मग दुखणं बरं करायचं सोडून अवयवच काढून टाका. लेकरं झालीत ना? मग पिशवीचं काम संपलं. 'काम संपलं' हे शब्द बायांच्या तोंडीसुद्धा ऐकू येतात. स्वतःच्या शरीराला स्वतःच अवजार म्हणायला लावणं, यापेक्षा मोठी गुलामी कुठली?

आता आपल्या चळवळीत या प्रश्नाचं काय झालं ते बघू. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलला पाहिजे; पण मालकही तिच्या श्रमाचा फायदा घेतो, तेव्हा त्यालाही सुटका नाही. १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीमालकांच्या कौन्सिलात 'राष्ट्राचं हित' हेच नाणं चालत होतं. बाबासाहेबांनी ते वाजवून घेतलं.

दहा वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ ला, मुंबई असेंब्लीत संततिनियमनाचा ठराव आला. मांडला पी. जे. रोहम यांनी, स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. त्यातही गरिबी आहे, राष्ट्र आहे. पण तिथं आणखी एक गोष्ट येते जी १९२८ मध्ये नव्हती : बाईला मूल नको असेल, कारण काहीही असो, तर ते टाळण्याची ताकद तिच्या हाती असली पाहिजे, मूल व्हावं की नाही हे तिच्या इच्छेवर राहिलं पाहिजे. आणि बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाच्या वर पोर त्यांनी होऊ दिलं नसतं, असाही टोला आहे. ठराव पडला. पडायचाच होता. पण १९२८ च्या 'राष्ट्रासाठी' पासून १९३८ च्या 'तिच्या इच्छेसाठी' पर्यंत जो रस्ता आहे तो मला फार मोलाचा वाटतो. आपल्या पोरांनी १९२८ चं भाषण जयंतीला वाचलं तर १९३८ चंही वाचावं. आणि मग दवाखान्यात 'ऑपरेशन कधी करता?' म्हणून दटावणाऱ्याला विचारावं, की बाईची इच्छा विचारलीस का? तिच्या हातात ताकद देणं वेगळं आणि तिच्या अंगावर हात टाकणं वेगळं.

एक गोष्ट बोलायला कठीण आहे, पण बोलतो. रमाईंची चार लेकरं गेली. गंगाधर, रमेश, इंदू, आणि १९२६ साली राजरत्न. एक यशवंत राहिला. रमाई स्वतः दीर्घ आजारानं २७ मे १९३५ ला गेल्या. दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण त्यांची जयंती करतो, गाणी लावतो, 'त्यागमूर्ती' म्हणतो. म्हणावं. त्या बाईनं जे सोसलं ते दुसऱ्या कुणाला सोसवलं नसतं. पण 'त्यागमूर्ती' म्हणताना आपण नक्की कशाला हार घालतो? तिच्या माणूसपणाला, की तिच्या झिजण्याला? झिजण्याला हार घालायला लागलो की घरातल्या बाईचं झिजणं आपल्याला सुंदर दिसायला लागतं. माझी आई किती उपाशी राहिली हे आपण कवितेत लिहितो. चळवळीत अशा कविता ढिगानं आहेत. आईला रक्त किती होतं, तिचं अंग बाहेर यायचं का, ती रात्री उठून एकटी का बसायची, हे किती जणांना माहीत आहे? बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये बाळंतिणीची उपासमार लिहिली ती हार घालण्यासाठी लिहिली नाही. ती तक्रार आहे, सरळ तोंडावर मारलेली.

विहारात आपण मेत्तसुत्त म्हणतो. त्यात आईची उपमा आहे : एकुलत्या एका लेकराला आई जशी जिवापाड जपते. बरेच जण याचा अर्थ असा घेतात की आईनं जीव टाकावा. नीट वाचा. ती उपमा आईला सांगितलेली नाही, सगळ्यांना सांगितलीय. असं मन सगळ्या प्राण्यांविषयी सगळ्यांनी वाढवावं. म्हणजे 'सगळ्या प्राण्यांत' ती आईही आली. तिलाही कुणीतरी तसं जपायचं आहे.

आणि किसा गोतमीची गोष्ट आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मेलेलं लेकरू घेऊन बाई दारोदार औषध मागत फिरते. लोक तिला वेडी म्हणतात. शेवटी तथागताकडे येते. लेकराचं काही करता येण्यासारखं उरलेलं नाही. आजचा दवाखाना असता तर म्हणाला असता, नेक्स्ट. तथागत तसं म्हणत नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरची मोहरी आण म्हणतो, आणि तिला माणसांत पाठवतो. दारोदार जाताना तिला इतर बाया भेटतात, त्यांचं दुःख कळतं, आणि ती भानावर येते. या गोष्टीतून मृत्यू अटळ आहे एवढंच आपण शिकत आलो. मला दुसरंही दिसतं : लेकरू गेल्यावरही आईचा इलाज झाला. लेकराच्या निमित्तानं ती आली होती, पण निमित्त संपलं म्हणून तिला परत लावलं नाही.

आज लेकरू दगावलं की काय होतं? कार्ड बंद. लस नाही, वजन नाही, लेकरासाठीच्या भेटी थांबल्या. दूध भरून छाती दगडासारखी झालेली ती बाई कोपऱ्यात बसते, आणि तिच्याकडे यायला कुठल्याही कागदावर कारण उरत नाही. 'आई निरोगी तर बाळ निरोगी' या पोस्टरची खरी परीक्षा इथं आहे. बाळच नाही, मग आई निरोगी कशासाठी?

तेव्हा माझं मत असं : लेकराच्या दाराचा उपयोग करून घ्यावा, रावळपिंडीच्या बायांनी केला तसा. दार उघडतंय तिथून आत शिरावं. पण आत गेल्यावर बाईला सांगावं की मी तुझ्यासाठी आलोय. गोव्यात पुढे साध्या बायांनाच शिकवून हे काम झालं, त्याचा अभ्यास २०१९ साली आला. पदवीवाल्या डॉक्टरची वाट बघत बसायचं कारण नाही.

तिकडं अमेरिकेत लहान मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं सांगून ठेवलंय, की बाळ एक, दोन, चार आणि सहा महिन्यांचं होऊन तपासणीला आलं की आईच्या मनाची चौकशी करा. त्यासाठी १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची यादी जगभर चालते. शेवटचा, दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याविषयीचा आहे. हा प्रश्न वाचला की माझ्या मनात एक भीती उभी राहते. समजा आपल्या ओपीडीत, शंभर माणसांच्या गर्दीत, सासू शेजारी उभी असताना कुणी हा प्रश्न बाईला विचारला. ती 'नाही' म्हणेल. आणि समजा 'हो' म्हणाली, तर पुढं काय? विचारणाऱ्याच्या हातात काय आहे? ज्याच्याजवळ द्यायला काही नाही त्यानं जखम उघडी करू नये. विचारणं ही सुद्धा एक जबाबदारी आहे. आडोसा हवा, वेळ हवा, पुढं पाठवायला जागा हवी, बरोबर जायला माणूस हवं. नवरा मारतो असं बाईनं सांगितलं आणि ती गोष्ट संध्याकाळी वस्तीत फिरली, तर रात्री तिचं काय होईल? जातीचं तर विचारूच नका. नाव-आडनाव ऐकून ज्यांचा सूर बदलतो त्यांना आमच्या बाया मनातलं सांगतील?

सगळंच एवढं अवघड नाही. बरंचसं तर हाताला लागेल असं आहे. रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात. बोट टोचून रक्त किती ते कळतं. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायांना रक्त कमी निघालं, म्हणजे बोट टोचायला कारण शोधावं लागत नाही. बाळंतपणानंतर एकशे ऐंशी दिवस रोज एक लोहाची गोळी, हा सरकारचाच नियम आहे. तुमच्या गल्लीतल्या किती बाळंतिणींना पूर्ण मिळाल्या, मोजा एकदा. मातामृत्यू कमी झाले म्हणून राज्य पाठ थोपटून घेतं. २०१८-२० चा आकडा लाख जिवंत जन्मांमागे तेहतीस, देशाचा सत्त्याण्णव. चांगली गोष्ट आहे, नाकारायची नाही. पण मेली नाही म्हणजे बरी आहे, असं थोडंच?

आता आपल्या पोरांशी दोन शब्द. लसीच्या दिवशी विहारात किंवा समाजमंदिरात बाया रांगेत असतात आणि आपण बाहेर कट्ट्यावर राजकारण बोलत असतो. 'हा बायांचा विषय' असं म्हणून. लेकरू अर्धं कुणाचं आहे? बापानं लेकराला घेऊन रांगेत उभं राहावं, त्याचे पाय बापानं धरावेत. तेवढ्या वेळात आईला पलीकडच्या टेबलावर बसता येईल. आडोशाला एक पडदा लावायला जयंतीच्या मांडवाचं कापड चालतं. रक्तदाबाचं यंत्र जयंतीच्या एका डीजेच्या रात्रीत किती येतील याचा हिशेब तुमचा तुम्ही करा. तपासायला नर्सबाईंनाच विनंती करायची, आपण डॉक्टरकी करायची नाही. आपलं काम मोजायचं, लिहायचं, आणि गोळ्या का आल्या नाहीत म्हणून आरोग्य केंद्रावर जाऊन उभं राहायचं. ते आपल्याला चांगलं जमतं.

आणि ज्या घरात लेकरू दगावलं त्या घरी महिन्यानं, दोन महिन्यांनी आपल्यातल्या दोन बायांनी जायचं. वही न घेता.

शेवटी आशाताईचा मुद्दा राहतोच. हे सगळं वाचून उद्या सरकार म्हणेल, ठीक आहे, आईचे दहा प्रश्नही आशाताईच विचारील. ती आधीच किती रजिस्टरं भरते? नवजात बाळाच्या सगळ्या भेटी मिळून तिला अडीचशे रुपये, असा मोबदला ठरला होता. भेट झाली तर पैसे, म्हणजे पुन्हा अंगावरचं काम, तुकड्यावरची मजुरी. तिला नोकर म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. २०२४ च्या फेब्रुवारीत या बाया आझाद मैदानात बसल्या होत्या तेव्हा कितीजणींच्या मांडीवर लेकरं होती. २०१७ साली कायद्यानं बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली. घरकामवालीला, बिगारी बाईला, कोयत्यावरच्या बाईला ती मिळाली नाही, आणि दुसऱ्यांची बाळंतपणं सांभाळणाऱ्या आशाताईलाही नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी भार कुणी उचलायचा हे सांगितलंय. एका बाईचं दुखणं विचारायचं काम दुसऱ्या बाईच्या फुकट अंगमेहनतीवर टाकलं तर आपण काय बदललं? तेव्हा आईच्या तपासणीची मागणी आणि आशाताईच्या पगाराची मागणी एकाच निवेदनात घालावी लागेल. पुढच्या महिन्याच्या लसीच्या दिवसाआधी हे निवेदन तालुक्याला द्यायचं आहे. मसुदा कोण करतंय, कळवा. सह्या बायांच्या घ्या, अंगठे असतील तर अंगठे. आणि ती वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका.